नॅनो हळद, लायपोसोमल कॅप्सूल आणि आईचे गुडघे

प्रश्न थोडक्यात असा होता. डोंबिवलीच्या एका ताईंच्या आईचं वय ६६, दोन्ही गुडघे दुखतात, तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय म्हणून रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत. केमिस्टने 'लायपोसोमल नॅनो कर्क्युमिन' असं लिहिलेली डबी हातात दिली, ३० कॅप्सूलचे १८०० रुपये, आणि वर सांगितलं की साध्या हळदीपेक्षा ही शंभरपट लागू पडते कारण औषध चरबीच्या बारीक कणांत भरलेलं असतं. ताई विचारतात की हे खरं आहे का थापा आहेत, आणि घरी हळद, तूप, दूध एकत्र करून दिलं तर तेच होणार नाही का.

आधी माझं सांगतो. मी डॉक्टर नाही, फॉर्म्युलेशनवाला आहे, म्हणजे औषध शोधणारा नाही तर औषध ज्यात बसून शरीरात जातं ते वाहन बनवणारा. माटुंग्याला यूडीसीटीत शिकलो (आता आयसीटी म्हणतात, आमच्या तोंडी जुनंच नाव), मग अंधेरीला नोकरी, आता महापे, अशी चोवीस वर्षं गेली आणि त्यातली निम्मी तरी चरबीच्या कणांत. कण खरे आहेत, थाप नाही. पण तो शंभरपट आकडा बहुतेक वेळा भलत्याच गोष्टीचा असतो, आणि सगळी गोम तिथेच आहे, त्यामुळे जरा लांबण लागणार आहे.

स्वयंपाकघरातून सुरुवात करू. आपण हळद फोडणीत घालतो, तेलात, बरोबर? आमटीवर जो पिवळा तवंग येतो तो तेलाचा, खालचं पाणी त्या मानाने फिकं. नुसत्या पाण्यात हळद ढवळून ठेवा, दहा मिनिटांत सगळी तळाशी. हळदीतलं कामाचं जे म्हणतात ते कर्क्युमिन, ते तेलात विरघळतं, पाण्यात जवळपास नाहीच. आणि आपलं आतडं, रक्त, सगळा पाण्याचा कारभार. जे विरघळतच नाही ते आत कसं शिरणार, जसं गेलं तसं खाली निघून जातं. बऱ्याच वनस्पतींच्या औषधांचं हेच रडगाणं आहे, लिव्हरच्या गोळ्यांतलं सिलिमारिन घ्या, शल्लकीतली बॉसवेलिक आम्लं घ्या, सगळे त्याच रांगेत उभे.

दुसरी अडचणही तुम्ही घरी पाहिलेली आहे. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो ना, तो साबणातल्या अल्कलीमुळे, कर्क्युमिनचा रेणू तिथे रूप बदलतो आणि मग हळूहळू तुटतो. आता आतड्यातला आणि रक्तातला पीएच साबणाइतका नाही, पण सातच्या आसपास किंवा थोडा वर. प्रयोगशाळेत ७.२ पीएचच्या साध्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ३७ डिग्रीला कर्क्युमिन ठेवलं तर अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के तुटून जातं. आणि डाग पडलेला शर्ट आई उन्हात का वाळत घालायची? कारण उन्हातही तो रेणू टिकत नाही. म्हणजे पाण्यात विरघळत नाही, विरघळला तर टिकत नाही, असा नखरेल प्रकार.

तिसरी अडचण, जे थोडंफार आत शिरतं त्याला आतड्याच्या भिंतीतच आणि पुढे लिव्हरमध्ये ग्लुकुरोनिक आम्लाची शेपूट जोडली जाते. शेपूट लागली की रेणू पाण्यात विरघळणारा होतो आणि शरीराबाहेर जायला मोकळा. शरीराच्या बाजूने बघाल तर हे काम चोख आहे, बाहेरचा पाहुणा ओळखून त्याची पाठवणी. आपल्या बाजूने बघाल तर १८०० रुपये पाण्यात.

आता ते कण. लेसिथिन हे नाव तुम्ही चॉकलेटच्या रॅपरवर वाचलं असेल, सोयाबीनमधून काढतात, अंड्याच्या पिवळ्या बलकातही असतं. त्याच्या रेणूला एक डोकं असतं ज्याला पाणी आवडतं, आणि दोन तेलकट शेपट्या ज्यांना पाणी अजिबात नको. असे लाखो रेणू पाण्यात सोडले की ते आपोआप शेपट्या आत, डोकी बाहेर असे दुपदरी थरात बसतात आणि थराची बंद पिशवी होते. ही पिशवी म्हणजे लायपोसोम. इंग्लंडमधे अ‍ॅलेक बँगहॅम नावाच्या संशोधकाने १९६०च्या दशकात हे दाखवलं, आणि आपल्या प्रत्येक पेशीची भिंतही याच तऱ्हेची असल्याने लोक चक्रावले. तेलात विरघळणारं औषध पिशवीच्या भिंतीत बसतं, पाण्यात विरघळणारं आतल्या पोकळीत. आकार साधारण १०० नॅनोमीटर धरा, आपला एक केस ८० हजार नॅनोमीटर जाड असेल तर त्याच्या रुंदीत ८०० पिशव्या शेजारी शेजारी मावतील.

याची भावंडं बरीच आहेत. पिशवी न करता औषध आणि लेसिथिन रेणूला रेणू नुसतं चिकटवलं तर त्याला फायटोसोम म्हणतात, इटलीच्या मिलानमधल्या इंडेना कंपनीने हे आणलं. खोलीच्या तापमानाला घट्ट राहणारी चरबी वितळवून, त्यात औषध विरघळवून, गरम पाण्यात प्रचंड दाबाने फोडून थंड केली की सॉलिड लिपिड नॅनोपार्टिकल, म्हणजे समजा साजूक तुपाचे रवाळ दाणे पण हजारोपट बारीक. यात थोडं पातळ तेल मिसळलं की एनएलसी (नॅनोस्ट्रक्चर्ड लिपिड कॅरियर). आणि सगळ्यात बिनत्रासाचं म्हणजे तेल आणि साबणासारखे घटक कॅप्सूलमध्ये भरून ठेवायचे, पोटातल्या पाण्यात पडलं की आपलं आपण बारीक दुधाळ होतं. सगळ्यांवर वेगळं लिहीत बसत नाही.

बनवताना दिसतं कसं ते मात्र सांगतो, कारण मला अजूनही ते बघायला आवडतं. गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये लेसिथिन, थोडं कोलेस्टेरॉल (भिंत घट्ट राहावी म्हणून, घाबरू नका) आणि कर्क्युमिन सॉल्व्हंटमध्ये विरघळवायचं, फ्लास्क रोटरी इव्हॅपोरेटरवर फिरवत सॉल्व्हंट उडवायचा. तासाभराने काचेला आतून केशरी पातळ पापुद्रा चिकटलेला दिसतो, अगदी कढईला दुधाची साय धरते तसा. मग त्यात कोमट पाणी घालून फिरवलं की पापुद्रा फुगतो, सुटतो, आणि पाहता पाहता फ्लास्कमध्ये हळदीचं दूध तयार. त्यात कुठेच दूध नसतं, तो पांढरटपणा कणांवरून उजेड विखुरल्याचा. नंतर ते बारीक छिद्रांच्या पडद्यातून पुन्हा पुन्हा दाबून काढायचं, प्रत्येक वेळी ते थोडं अधिक पारदर्शक होत जातं, शेवटी उजेडासमोर धरलं तर निळसर झाक दिसते आणि कळतं की आकार जमला. मशीनवर आकडा नंतर येतो, डोळ्याला आधी कळतं. बोटं मात्र आठवडाभर पिवळी, माझी बायको विचारायची कुणाच्या हळदीला जाऊन आलास.

आता फजिती. पंधराएक वर्षांपूर्वी आम्ही सॉलिड लिपिडवाल्या कणांची एक बॅच केली, आकार सुंदर, सगळे कण एका मापाचे, साहेब खूष. नमुना परळच्या एका प्रयोगशाळेत द्यायचा होता, मे महिना, आमचा पोऱ्या बर्फाचा डबा न घेताच बाटली पिशवीत टाकून अंधेरीहून लोकलने निघाला, दादरला गाडी बदलली, धक्काबुक्की, हादरे, घाम. परळला बाटली उघडली तर आत श्रीखंड. खरंच श्रीखंड, बाटली उलटी केली तरी खाली येईना, आणि मायक्रोस्कोपखाली पिवळ्या सुया. मला फोन आला तेव्हा मी आधी पोऱ्यावर ओरडलो, चूक माझी होती. या घट्ट चरबीचे रेणू थंड होताना घाईघाईत अस्ताव्यस्त बसतात, त्या अस्ताव्यस्तपणातच औषधाला जागा असते. मग ऊब मिळाली, हादरे बसले, नुसता वेळ जरी गेला, तरी रेणू शिस्तीत रचले जातात, स्फटिक नीट होतो आणि औषधाला बाहेर ढकलतो. बेस्टच्या बसमध्ये सगळे नीट सरकून उभे राहिले की नेमका दारातला माणूस बाहेर पडतो ना, तसं. पातळ तेल मिसळून एनएलसी का करतात, तर ती शिस्त बिघडवायला.

हे एवढं रंगवून सांगितलं कारण दुकानाच्या शेल्फवरच्या डबीलाही हेच लागू आहे. भारतातल्या औषधांची टिकाऊपणाची चाचणी उष्ण आणि दमट हवेत करतात, कारण आपलं हवामान तसं. मुंबईच्या जुलैत तर ७५ टक्के आर्द्रता म्हणजे कोरडा दिवस. डबीवर नॅनो लिहिलेलं असतं ते बनवलं त्या दिवशीचं, सहा महिन्यांनी आत कण आहेत का सुया, हे डबी सांगत नाही.

आता मुद्द्याचं: शिरेतून दिलेला कण आणि तोंडाने घेतलेला कण या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जाहिरातवाले पहिल्याची पुण्याई दुसऱ्याच्या नावावर लिहितात.

शिरेतून दिलेल्या लायपोसोमने खरंच काम केलंय. आपल्या सह्याद्रीत, आंबोली-महाबळेश्वरकडे नरक्या नावाचं झाड आहे, नाव ऐकूनच कळेल वास कसा येत असेल, त्याच्यात कॅम्टोथेसिन असतं, कॅन्सरच्या औषधांचं मूळ द्रव्य, त्यापायी हे झाड बेसुमार तोडलं गेलं, तस्करी झाली. कॅम्टोथेसिन पहिल्यांदा १९६६ मध्ये अमेरिकेत एका चिनी झाडातून वेगळं काढलं, मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी, आणि हे वाणी नंदुरबारला जन्मलेले, मुंबई विद्यापीठात शिकलेले. टॅक्सॉल या कॅन्सरच्या दुसऱ्या औषधाची रचनाही याच जोडीच्या टीमने १९७१ ला मांडली. तर कॅम्टोथेसिनपासून इरिनोटेकान बनलं, आणि ते लायपोसोममध्ये भरून ऑनिवाइड नावाने अमेरिकेत २०१५ ला मंजूर झालं, स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी. एकेका पिशवीत इरिनोटेकानचे सुमारे ८० हजार रेणू कोंबलेले असतात, हे भरण्याचं तंत्र बघितलं तर टोपी काढावी. फायदा किती, तर ज्या चाचणीवर मंजुरी मिळाली त्यात जोडीच्या औषधांबरोबर ते दिलेल्या रुग्णांचं मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले ते, ६.१ महिने, नुसती जोडीची औषधं घेतलेल्यांचं ४.२. दोन महिने. ज्याच्या घरात असा पेशंट आहे त्याला विचारा दोन महिने म्हणजे काय ते, पण शंभरपट नव्हे.

सदाफुलीतलं व्हिनक्रिस्टिनसुद्धा लायपोसोममध्ये भरून २०१२ ला आलं होतं, रक्ताच्या कॅन्सरसाठी. २०२२ ला त्याची मान्यता मागे घेतली गेली. कण उत्तम होता, नुसता कण उत्तम असून भागत नाही. आणि २०२१ ला काळ्या बुरशीच्या वेळी लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनसाठी आपण सगळ्यांनी केमिस्टच्या पायऱ्या झिजवल्यात, ते औषध वनस्पतीचं नाही, मातीतल्या जिवाणूचं, पण तिथे पिशवीचा फायदा लख्ख दिसतो, कारण साधं अ‍ॅम्फोटेरिसिन किडनीची वाट लावतं आणि पिशवीतलं बरंच कमी. त्याची एक भारतीय आवृत्ती दिल्लीतले शास्त्रज्ञ आणि परळच्या केईएमचे डॉक्टर यांनी मिळून उभी केली, हे मुंबईकरांनाच माहीत नसतं.

तोंडाने घेतला की गोष्ट बदलते. लायपोसोम जठरात पडला, तिथलं आम्ल, पुढे पित्त, पुढे स्वादुपिंडातले चरबी पचवणारे एन्झाइम, हे सगळे त्या पिशवीकडे काय म्हणून बघतात? तूप म्हणून. पोळीवरचं तूप आणि १८०० रुपयांचा लायपोसोम, पित्ताला दोन्ही सारखेच. पिशवी फुटते, पचते, आणि पित्ताचे क्षार व पचलेली चरबी मिळून काही नॅनोमीटरचे नवीन थेंब बनतात, औषध त्यात बसून भिंतीपर्यंत पोचतं. म्हणजे 'लायपोसोम थेट पेशीत जाऊन औषध सोडतो' असं जे चित्र डबीवर असतं ते तोंडाने घेतलेल्या साध्या लायपोसोमला लागू नाही. फायदा होत नाही असं मी म्हणत नाहीये, होतो. औषध आधीच विरघळलेल्या रूपात भिंतीशी पोचतं, वाटेत कमी तुटतं, आणि लांब साखळीची चरबी असेल तर थोडं औषध लसिकेच्या (लिम्फच्या) वाटेने लिव्हरला वळसा घालून रक्तात जातं. मलेरियाच्या आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिनच्या गोळ्या दूध किंवा तेलातुपाच्या जेवणाबरोबर घ्यायला सांगतात ते याचसाठी, भरपूर चरबीच्या जेवणाबरोबर ल्युमेफँट्रिन उपाशीपोटापेक्षा सोळापटीपर्यंत जास्त शोषलं जातं आणि आर्टेमेथर, जे वनस्पतीतून येतं, ते दुपटीच्या आसपास. कुठलाही नॅनो नाही, नुसतं जेवण.

मग शंभरपट येतं कुठून. १९९८ ला बेंगळुरूच्या एका अभ्यासात माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन एकटं दिलं तर रक्तात जवळपास सापडेना, आणि सोबत २० मिलिग्रॅम पिपरिन, म्हणजे मिऱ्यातला तिखट घटक, दिला तर २००० टक्के वाढ. आकडा गाजला. पण शून्याजवळच्या आकड्याची वीसपट केली तरी ती किती होणार, पन्नास पैशाचे दहा रुपये. आणि त्याहून चलाखी म्हणजे रक्त मोजायची पद्धत. नंतरच्या पुष्कळ अभ्यासांत रक्ताच्या नमुन्यात एन्झाइम घालून ती मघाशी सांगितलेली ग्लुकुरोनिक आम्लाची शेपूट कापून टाकतात आणि मग सगळंच कर्क्युमिन म्हणून मोजतात. म्हणजे शरीराने ज्याला निरोप दिला तोही हजेरीत. शेपूट नसलेलं, मोकळं कर्क्युमिन किती, हा आकडा विचारा, विक्रेता लगेच ऑफर सांगायला लागतो. आमच्याकडे एक सप्लायर यायचा, मी दर वेळी हेच विचारायचो, तिसऱ्या भेटीपासून तो माझ्या ज्युनियरला भेटायला लागला.

आता घरची हळद. एक चमचा म्हणजे ३ ग्रॅम धरा, त्यात कर्क्युमिन साधारण ३ टक्के, म्हणजे ९० मिलिग्रॅम. गुडघ्यांच्या चाचण्यांत रोज ५०० ते १५०० मिलिग्रॅम अर्क वापरलेला असतो. हळदीचं दूध चांगलं, मी पण पितो, दुधातले केसिनचे कण आणि फॅटचे थेंब हे स्वतःच बारीक वाहन आहेत, तूप घातलं तर अजून बरं, पण मात्रा त्या पातळीला पोचत नाही आणि पाच चमचे हळद आई पिणार नाही. आयुर्वेदात अनुपान म्हणतात, औषध कशाबरोबर घ्यायचं ते, तूप, दूध, मध, आणि सिद्ध घृतं आहेत, तेव्हा चरबीतून औषध द्यायची जाण आपल्याकडे जुनीच. त्यावरून 'पूर्वजांना नॅनो माहीत होतं' असे मेसेज फिरतात ते मात्र कृपया मला पाठवू नका.

आणि गुडघ्यांना उपयोग होतो का, तर काही प्रमाणात आधार आहे. थायलंडमध्ये ३६७ गुडघेदुखीच्या रुग्णांवर चाचणी झाली, निम्म्यांना रोज १५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क, निम्म्यांना १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन, चार आठवडे, आणि दुखणं दोन्हीकडे जवळपास सारखं उतरलं, पोटाचा त्रास अर्कवाल्यांना कमी. गंमत अशी की तो साधा अर्क होता, त्यात कण वगैरे काही नव्हतं. चार आठवडे म्हणजे फार कमी, हेही खरं.

पण ताई, तुमच्या आईच्या बाबतीत मला शोषणापेक्षा दुसरीच काळजी आहे. कण चांगला असेल तर औषध जास्त शिरणार, आणि जास्त शिरलं तर फायद्यासोबत धोकाही शिरणार, हे डबीवर लिहीत नाहीत. इटलीत २०१९ ला हळदीच्या सप्लिमेंटनंतर लिव्हरला सूज आलेले बरेच रुग्ण निघाले, अमेरिकेतही नोंदी आहेत, ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने २०२३ ला इशारा दिला, आणि जास्त शोषण होणाऱ्या किंवा मिरीवाल्या प्रकारांकडे खास बोट दाखवलं. जेवणातल्या हळदीबद्दल हे नाही. लिव्हर बिघडणाऱ्यांत एका विशिष्ट जनुकाचे लोक जास्त दिसतात, पण आपल्यात ते आहे का हे आधी कुणाला कळणार. शिवाय पिपरिन इतर औषधांचीही पाठवणी अडवतो, आणि कर्क्युमिनचा प्लेटलेटवर थोडा परिणाम दिसतो, आई आधीच रक्त पातळ ठेवायच्या गोळ्यांवर. म्हणून डबी उघडायच्या आधी ती हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा, केमिस्टला नाही. पित्ताशयात खडे असतील तर तेही सांगा.

डॉक्टर हो म्हणाले तरच पुढचं. डबीच्या मागे बघा, ५०० मिलिग्रॅम हे पूर्ण मिश्रणाचं वजन आहे का कर्क्युमिनचं, लेसिथिनवाल्या मालात कर्क्युमिन बऱ्याचदा पाचवा हिस्साच असतो, म्हणजे १०० मिलिग्रॅम. एफएसएसएआयचा नंबर असेल तर ते अन्न म्हणून विकलं जातंय, गुण येतो हे औषधासारखं सिद्ध करावं लागलेलं नाही. पिपरिन किंवा काळी मिरी अर्क लिहिला असेल तर आईसाठी ती डबी नकोच. जेवणानंतर द्यायची, उपाशीपोटी नाही. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली, भूक मेली, तर त्याच दिवशी बंद आणि लिव्हरची रक्ततपासणी.

आणि स्वयंपाकघरातलं कालनिर्णय घ्या, रोज रात्री आईला विचारून त्या तारखेच्या चौकोनात दुखण्याला दहापैकी किती ते पेन्सिलीने लिहा, कॅप्सूल सुरू करायच्या आधीचे दोन आठवडेही लिहा. दीड महिन्याने पानं उलटून बघा. आकडा सातावरून सातावरच असेल तर दुसरी डबी आणू नका, ते पैसे फिजिओथेरपिस्टला द्या, मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम गुडघ्याला नक्की लागू पडतात आणि त्यांचं शोषण वगैरे बघावं लागत नाही.